ओल कुठून येते ते आधी पाहा

श्रावणाच्या अंकासाठी आलेल्या पत्रांतून सात पत्रं इथे घेतली आहेत. काही खुराड्याची, काही विणकामाची, काही दोन्हींची. ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर एकच शत्रू सगळीकडे घुसतो. तुसात, खाद्याच्या गोणीत, लोकरीच्या गुंड्यात, सगळीकडे ओल. म्हणून बहुतेक उत्तरं फिरून तिच्यापाशीच येतात.

प्रश्न (घणसोली गावठाण): घरामागच्या परड्यात आठ मोठ्या कोंबड्या आणि महिन्याभराची चौदा पिल्लं आहेत. खाली सिमेंटची फरशी, वर पत्रा. पाऊस लागल्यापासून तूस ओलंच राहतं, वास येतो. तीन दिवस झाले, पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसतंय. दोन पिल्लं गेली. सासूबाई म्हणतात, मानमोडी आहे. काय करावं?

उत्तर: मानमोडी म्हणजे राणीखेत. त्यात पिल्लू तोंड उघडून श्वास घेतं, हिरवट पातळ विष्ठा टाकतं, पुढे मान वाकडी होते, पाय-पंख लुळे पडतात. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या विष्ठेत लाल रक्त, पिसं फुलवून कोपऱ्यात उभं राहणं, पंख खाली सोडणं ही लक्षणं रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची आहेत. तरी अंदाजावर थांबू नका. पुढचं पिल्लू दगावलं तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. डीप फ्रीजरमध्ये गोठवू मात्र नका, आतड्याची तपासणी नीट होत नाही.

रक्ती हगवण ठरली तर डॉक्टर बहुधा पाण्यातून अँप्रोलियम देतील. मात्रा डॉक्टरांनी सांगितलेली किंवा पाकिटावरची. त्या दिवसांत दुसरं कुठलंही पाणी समोर ठेवायचं नाही, आणि औषधी पाणी रोज नवं करायचं. इथे एक चूक फार जण करतात. पिल्लं अशक्त झाली म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्सही पाजतात. अँप्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाशी साम्य असलेलं द्रव्य आहे. रोगजंतू त्याला बी-१ समजून घेतो आणि उपाशी मरतो. आपण वरून खरं बी-१ दिलं की औषधावर पाणी पडतं. ताकदीची औषधं कोर्स संपल्यावर. तेव्हा जीवनसत्त्व अ आणि के यांचा उपयोग होतो, कारण आतड्याचं अस्तर भरून यायचं असतं.

औषधाने पिल्लं सावरतील, पण तूस तसंच राहिलं तर रोग पंधरा दिवसांत परत येईल. विष्ठेतून पडणारी या जंतूची अंडी लगेच रोग देत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात, मग पिल्लाच्या पोटात जाऊन काम सुरू करतात. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम एक दिवस असतो. रोज सकाळी तूस खाली-वर करायचं आणि भिजलेला, खपली धरलेला भाग त्याच दिवशी बाहेर काढायचा.

तुसाची परीक्षा सोपी आहे. मूठभर घेऊन आवळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. गोळा हळूहळू सुटला तर ठीक. अजिबात न धरता धूळ उडाली तर फार कोरडं, त्याने शिंका लागतात. थर किमान तीन इंच हवा. मुरबाड-शहापूरच्या भातगिरण्यांत तूस पोत्याने मिळतं. पावसाआधी चार-पाच पोती भरून ठेवणं उत्तम. वखारीतला भुसा वापरायचा असेल तर साध्या लाकडाचाच घ्या, प्लायवूडचा नको. त्यात डिंकाची रसायनं असतात.

आता ओल येते कुठून ते पाहा. बहुतेक खुराड्यांत ती पावसापेक्षा पाण्याच्या भांड्यातून येते. भांडं विटेवर ठेवून त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा, खाली खडी भरलेलं परात-घमेलं ठेवा. पिल्लांचं भांडं वेगळं आणि त्यांच्या उंचीचं. नंतर पत्रा. तो भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी निघाला पाहिजे, नाहीतर तिरपी सर थेट आत येते. ताडपत्री लावताना ती वरपर्यंत गच्च बांधतात, ते चुकतं. वर एक फूट फट मोकळी सोडा. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आणि विष्ठेतला अमोनिया तिथूनच जायचा असतो. खुराड्यात उकिडवं बसून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वास घ्या. उभ्याने येत नाही, पण बसल्यावर डोळे चुरचुरतात. कोंबड्या सगळा वेळ त्याच हवेत असतात.

चुना भुरभुरवण्याचा सल्ला सगळे देतात. चुन्याने जंतू कमी होतात हे खरं, पण ओल्या तुसावर चुना पडला की अमोनिया एकदम उसळतो. आधी ओला भाग काढा, कोंबड्या बाहेर सोडा, मग हलका चुना मिसळा आणि दोन-तीन तास हवा खेळू द्या.

राणीखेतची लस राहिली असेल तर आत्ता आजारी पिल्लांना टोचू नका, बरी झाल्यावर. एरवी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा डोळ्यात एक थेंब, अठ्ठाविसाव्या दिवशी तीच पुन्हा पाण्यातून आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. पाण्यातून देताना नळाचं पाणी चालत नाही, त्यातलं क्लोरीन लस मारतं. विहिरीचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या.

प्रश्न (दिवाळे, बेलापूर): अंड्यांची कवचं पातळ झाली आहेत, हातात घेतलं की दबतं. घरात तिसऱ्या-कालवांची कवचं भरपूर निघतात. ती चालतील का?

उत्तर: चालतील, याहून चांगलं कॅल्शियम विकत मिळत नाही. कवचं धुवा, मांस आणि खार जाईल इतपत. दोन दिवस कडकडीत वाळवा, ऊन नसेल तर तव्यावर गरम करा. जाळू मात्र नका. शिंपले भट्टीत जाळूनच पूर्वी चुना करत. तशी जळून पांढरी भुकटी झाली तर तो कळीचा चुना, कोंबडीचं तोंड आणि अन्ननलिका भाजेल. कुटताना ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा. पीठ केलं तर ते लगेच पोटातून पुढे निघून जातं. तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, रात्रभर हळूहळू विरघळतात, आणि कवच घडतं तेही मुख्यतः रात्रीच. अंडं जवळपास वीस तास कवचाच्या पिशवीत असतं. म्हणून चुरा दुपारनंतर ठेवा, प्रत्येक कोंबडीमागे चार-पाच ग्रॅम, वेगळ्या वाटीत. तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) आणि पिल्लांना हे कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं, त्यामुळे सगळे एकत्र असतील तर खाद्यात मिसळू नका.

कवच पातळ होण्याचं दुसरं कारण उकाडा. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. खाडीकाठच्या दमट हवेत धापाही फारशा कामी येत नाहीत. अशा दिवशी खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी फक्त गार पाणी.

प्रश्न (ठाणे, घोडबंदर रस्ता): मुरबाडच्या शेतावर दहा कोंबड्या आहेत, त्यांतल्या चार जणींची पिसं झडलीत, एकीची पाठ उघडी पडली आहे. मुलीने कोंबड्यांसाठी विणलेल्या स्वेटरचे फोटो पाहिले. मला विणता येतं. घालू का?

उत्तर: घालू नका. मुलीची माया कळते, पण आपल्या हवेत त्याने त्रासच होईल. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यावर दमट लोकर चढवली की उवा आणि माइट (रक्त पिणारे बारीक किडे) यांना घर मिळतं, नवी पिसं दुमडतात, नखं टाक्यांत अडकतात, आणि राखेत-मातीत लोळून अंग साफ करायची तिची सोय बंद होते.

आधी झड कसली ते ओळखा. डोक्यापासून सुरू होऊन मान, छाती, पाठ, पंख, शेपूट अशी उतरत गेली आणि कातडीवर काट्यासारखे नवे कोंब दिसले, तर ती वर्षाची नेहमीची पिसगळ. दोन-तीन महिने चालते, अंडी थांबतात, घाबरायचं नाही. पिसं जवळपास पूर्णपणे प्रथिनांची असतात, म्हणून या काळात सोयाबीन पेंड किंवा सुक्या मासळीची कुटी थोडी वाढवा. दर कोंबडीला कुटी पाच-सहा ग्रॅमपुढे नेऊ नका, अंड्याला वास लागतो. कोंब फुटलेल्या कोंबडीला उचलू नका. त्या कोंबांत रक्त असतं, दाबले की दुखतं.

फक्त पाठ आणि डोक्याची मागची बाजू उघडी असेल तर ती कोंबड्याची करणी. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात. दोन कोंबडे असतील तर एक वेगळा करा आणि त्याच्या नख्यांची टोकं घासून बोथट करा. आणि गुदद्वाराभोवती पिसं विरळ, पिसांच्या मुळाशी पांढरे दाणे चिकटलेले असतील तर उवा. लाल माइट दिवसा सहसा अंगावर दिसत नाही, दांडीच्या फटींत लपते. रात्री टॉर्च घेऊन दांडीची खालची बाजू पाहा. बोट फिरवल्यावर लाल ठिपका उमटला तर माइट आहे. दांड्या काढून फटींत उकळतं पाणी ओता, सुकवून कडुनिंबाचं तेल चोळा. चुलीची चाळलेली राख आणि बारीक कोरडी माती निम्मी-निम्मी एका घमेल्यात, पाऊस लागणार नाही तिथे ठेवा. बाकी त्या स्वतः करतात.

विणायची हौस आहेच, तर पुढचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न (टिटवाळा): नातवंड येणार आहे दिवाळीच्या सुमाराला. टोपडं विणायचं आहे. दोन वेळा केलं, एकदा मोठं झालं, एकदा कडेला इतकं घट्ट की ताणलंच जाईना. टाक्यांचा हिशोब सांगा. म्हशाच्या यात्रेतून आणलेली धनगरी लोकर चालेल का?

उत्तर: ती लोकर घोंगडीसाठी लाखमोलाची, पण बाळाच्या कपाळाला टोचेल. फोर-प्लाय बेबी लोकर किंवा सुती धागा घ्या. दिवाळीत टिटवाळ्याला सुतीही पुरेल, पण सुताला ताण कमी असतो. खालचा हिशोब लोकरीचा आहे.

सुया दहा नंबर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आणि कडेसाठी बारा नंबर. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात ठेवा. दुकानात मिलिमीटरच्या सुया मिळाल्या की इथेच गोंधळ होतो.

आधी तीस टाके आणि चाळीस ओळींचा तुकडा विणा, एक सुई सुलट, एक सुई उलट. धुवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवा आणि मगच मोजा. दहा सेंटिमीटरमध्ये अठ्ठावीस टाके बसले पाहिजेत. तीस बसले तर तुमचा हात घट्ट आहे, नऊ नंबर घ्या. सव्वीस बसले तर अकरा. तुमचं पहिलं टोपडं मोठं झालं ते बहुधा इथेच. न धुतलेला तुकडा मोजून फसायला होतं.

नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर. टोपडं त्याहून थोडं लहान, ३२ ठेवायचं म्हणजे ताणून बसतं. म्हणून ९० टाके. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांवर घाला आणि मग एक सुई ओढून घ्या. कड सैल राहील, दुसऱ्या टोपड्याचं दुखणं तेच होतं. बारा नंबरवर दोन सुलट, दोन उलट अशी तीन सेंटिमीटर पट्टी. ओळ दोन सुलटने सुरू होऊन दोन सुलटनेच संपते. परतीची ओळ दोन उलटने सुरू करा. मग दहा नंबरवर एक सुई सुलट, एक सुई उलट, सुरुवातीपासून नऊ सेंटिमीटर होईपर्यंत.

आता घट. एक टाका सुलट. मग नऊ सुलट आणि दोन टाके एकत्र, हे आठ वेळा. शेवटी एक सुलट. ८२ राहतील. पुढची सुई पूर्ण उलट. नंतर आठ सुलट आणि दोन एकत्र, ७४ राहतील. असंच प्रत्येक सुलट ओळीत मधले टाके एकाने कमी करत जा. शेवटी मधे एकही टाका उरत नाही, नुसते दोन-दोन एकत्र होतात आणि सुईवर दहा राहतात. प्रत्येक घटीला आठ टाके कमी झाले का ते मोजा. एक जरी चुकला तर शेंड्याची चांदणी वाकडी येते. धागा एक वीत ठेवून कापा, दहा टाक्यांतून ओवून आवळा, त्याच धाग्याने मागची शिवण घाला. एकूण पंचवीस-तीस ग्रॅम लोकर लागते. तीन-सहा महिन्यांच्या बाळासाठी १०६ टाके घाला, सरळ भाग साडेदहा सेंटिमीटरपर्यंत न्या आणि घट ‘अकरा सुलट, दोन एकत्र’पासून सुरू करा.

गोंडा लावू नका, लोकरीचे तंतू बाळ तोंडात घेतं. हनुवटीखाली बांधायची नाडीही नको.

प्रश्न (येऊर): ओट्यावर विणत बसते, कोंबड्या लोकरीला चोच मारतात. एकीने बराच धागा गिळला, टोक चोचीबाहेर आहे. ओढू का?

उत्तर: ओढू नका. धाग्याचं दुसरं टोक पोटात अडकलेलं असेल तर ओढताना आतडं कापलं जातं. चोचीपाशी कापून टाका आणि रात्री तिला खाद्य न देता ठेवा, पाणी मात्र हवं. पहाटे गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. रिकामी आणि मऊ असेल तर दोन दिवस लक्ष ठेवा. कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट असेल किंवा तोंडाला आंबूस वास असेल तर डॉक्टरांकडे न्या, पिशवी उघडून धागा काढता येतो.

ओट्यावर पडलेले वीतभर तुकडेही रोज वेचा. ते पिल्लाच्या बोटांभोवती गुंडाळले जातात, पिल्लू वाढतं, धागा वाढत नाही, आणि बोट काळं पडून गळतं. लंगडणाऱ्या पिल्लाचा पाय आधी कोमट पाण्यात भिजवून पाहा.

तुम्ही राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहता म्हणून एवढं सांगायलाच हवं. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगूस किंवा रानमांजर बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा, खाली एक फूट जमिनीत पुरा, कडीला अडसर घाला. बिबट्याचा वावर असलेल्या भागात कोंबड्या दिवस मावळायच्या आत बंद झाल्याच पाहिजेत आणि खरकटं बाहेर राहता कामा नये, त्याने कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. खुराड्यात साप दिसला तर मारू नका, वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

प्रश्न (शहापूर): मक्याच्या गोणीला बुरशी आली आहे. उन्हात वाळवून, धुऊन दिला तर चालेल? घरी खाद्य करायचं प्रमाणही द्या.

उत्तर: चालणार नाही. बुरशी मरते, तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष उन्हाने किंवा धुऊन जात नाही. यकृत खराब होतं, अंडी घटतात, लस दिली तरी लागू पडत नाही. गाई-म्हशींनाही घालू नका, ते दुधात उतरतं. मन घट्ट करून ती गोणी खताच्या खड्ड्यात टाका आणि वर माती ओढा. मका घेताना दाणा दाताखाली धरा. कट्ट आवाज येऊन फुटला तर कोरडा, चेपला तर ओला. गोणी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून एक फूट जागा.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी दहा किलो खाद्य असं करा: मक्याचा भरडा ५ किलो, सोयाबीन पेंड २ किलो, तांदळाचा कोंडा दीड किलो, सुक्या मासळीची कुटी अर्धा किलो, शिंपल्याचा चुरा ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण २५० ग्रॅम, मीठ ५० ग्रॅम. सुकट खारवलेली असेल तर मीठ वगळा. बंदिस्त कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे दहा कोंबड्यांना हे नऊ दिवस जातं. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्यांना याच्या निम्मं पुरतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त करून ठेवू नका, कोंड्यातलं तेल खवट होतं.

प्रश्न (कळवा): आईला गावी रोज संध्याकाळी वहीत काहीतरी लिहायची सवय आहे. अंडी किती, किती विणलं, मनात काय आलं. मला तसं सुरू करायचं आहे. काय काय लिहावं?

उत्तर: आईंची वही आधी मागून वाचा, तुमच्या घरचा साचा तिथेच मिळेल. खुराड्यासाठी तारीख, अंडी, खाद्य, पाऊस आहे की ऊन, आणि एखादीचं वेगळं वागणं. दहा कोंबड्यांची सहा अंडी म्हणजे साठ टक्के. सलग तीन दिवस आकडा उतरला तर मागच्या आठवड्याची पानं उलटा: खाद्य बदललं, पाण्याचं भांडं रिकामं राहिलं, रात्री कुत्रं भुंकलं, असं काहीतरी सापडतं. कुणी खुडूक बसली तर तारीख ठळक लिहा. अंडी ठेवल्यापासून सातव्या रात्री टॉर्चवर धरून पाहायची, लाल शिरांचं जाळं दिसलं नाही ते काढून टाकायचं, आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास तिला अजिबात हलवायचं नाही.

विणकामासाठी लोकरीच्या पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर, सुयांचा नंबर, टाके आणि आज कुठल्या ओळीवर थांबलात. पट्टीच वहीत चिकटवून ठेवा. गुंडा कमी पडला आणि दुसऱ्या लॉटचा आणला तर रंगाचा फरक दिवसाउजेडी दिसतो.

मनात आलेलं लिहायला वेगळी वही करू नका. त्याच पानावर, आकड्यांखाली दोन ओळी जागा सोडा. शाईचं पेन पावसाळ्यात पसरतं, पेन्सिल वापरा, आणि वही चुलीपासच्या फडताळात ठेवा, तिथली हवा घरात सगळ्यात कोरडी असते.